प्रवेश नियंत्रण, यजमान-आधारित

प्रवेश नियंत्रण, यजमान-आधारित : संगणकांच्या जाळ्यातून एखाद्या सर्व्हरकडे जोडणीची मागणी आली असता, ती कोणत्या संगणकाकडून आली हे पाहून मागितलेली सेवा द्यावी की नाकारावी, याचा निर्णय त्या सर्व्हरनेच घेण्याच्या पद्धतीस यजमान-आधारित प्रवेश नियंत्रण म्हणतात. जाळ्यास जोडलेल्या व स्वतःचा पत्ता असलेल्या कोणत्याही संगणकास यजमान किंवा होस्ट अशी संज्ञा आहे. ‘यजमान-आधारित’ या विशेषणात दोन अर्थ अभिप्रेत आहेत. छाननी मागणी करणाऱ्या यजमानाच्या पत्त्यावरून होते, हा पहिला अर्थ होय. ही छाननी जाळ्याच्या वेशीवरील वेगळ्या उपकरणात न होता सेवा देणाऱ्या यजमानावरच होते, हा दुसरा अर्थ होय. युनिक्स व तिच्या धर्तीवरील लिनक्स, फ्रीबीएसडी, ओपनबीएसडी इ. परिचालन प्रणालींमध्ये ही पद्धत विशेष विकसित झाली. प्रस्तुत नोंदीत याच प्रणालींचा विचार केला आहे.

प्रवेश नियंत्रण व अभिज्ञान या दोन भिन्न क्रिया आहेत. मागणी करणारी व्यक्ती कोण, हे परवलीचा शब्द किंवा गूढलेखनातील किल्ली यांवरून ठरविणे म्हणजे अभिज्ञान. यजमान-आधारित नियंत्रण त्याच्या आधीची पायरी असून, अमुक दिशेने आलेल्या मागणीस परवलीचा शब्द विचारावयाचा तरी की नाही, एवढेच ते ठरविते. त्यामुळे ते अभिज्ञानाची जागा घेऊ शकत नाही. मात्र सेवेच्या आज्ञावलीत एखादा अज्ञात दोष असल्यास, त्या दोषापर्यंत पोहोचू शकणाऱ्यांची संख्या संपूर्ण जगावरून मोजक्या संगणकांवर आणणे, हे या पद्धतीचे मोठे कार्य होय.

मूलतत्त्वे : जाळ्यातील सेवा सर्व्हरवर सतत चालू असणाऱ्या आज्ञावलीमार्फत दिली जाते. अशा आज्ञावलीस डीमन म्हणतात. प्रत्येक डीमन एका किंवा अधिक पोर्ट क्रमांकांवर मागणीची वाट पाहतो. दूरस्थ प्रवेश देणारी एसएसएच सेवा सामान्यतः २२, टपालाची सेवा २५ व सुरक्षित वेब सेवा ४४३ या पोर्टवर असते. येणाऱ्या प्रत्येक पुडक्यावर पाठविणाऱ्याचा आयपी पत्ता, कोणत्या पोर्टवर जावयाचे तो क्रमांक व वापरलेला संदेशनियम ही माहिती असते. नियंत्रणाचा नियम म्हणजे या तीन गोष्टी व त्यांवर करावयाची कृती यांची सांगड होय.

नियम करताना दोन भूमिका संभवतात. ज्यांस मनाई नाही त्या सर्वांस प्रवेश, ही पहिली. व ज्यांस स्पष्ट परवानगी नाही त्या सर्वांस मनाई, ही दुसरी. पहिल्या भूमिकेत प्रत्येक नवा धोका ओळखून त्याची भर घालावी लागते आणि विसरलेली गोष्ट उघडी राहते. दुसऱ्या भूमिकेत विसरलेली गोष्ट बंद राहते. विसरण्याचा परिणाम पहिल्या भूमिकेत बहुधा हल्ला झाल्यावरच कळतो. दुसरीत एखाद्या हक्काच्या वापरकर्त्याची तक्रार आल्यावर तत्काळ कळतो. म्हणून दुसरी भूमिका स्वीकारणे श्रेयस्कर समजतात.

इतिहास : पत्त्यावर विसंबण्याची पद्धत प्रारंभी प्रवेश रोखण्यासाठी नव्हे, तर सुलभ करण्यासाठी वापरात आली. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेने १९८३ मध्ये प्रसृत केलेल्या ४.२ बीएसडी या युनिक्सच्या आवृत्तीत, विश्वासातील संगणकांची नावे एका फाइलीत लिहून ठेवण्याची सोय होती. त्या संगणकांवरून येणाऱ्या वापरकर्त्यास परवलीचा शब्द विचारला जात नसे. एका यजमानावर ताबा मिळविणाऱ्यास त्यावर विश्वास ठेवणारे इतर यजमान आपोआप मोकळे होत. २ नोव्हेंबर १९८८ रोजी रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने सोडलेला संगणकीय कृमी काही अंशी याच विश्वाससंबंधांच्या साखळीवरून पसरला. पुढे २५ डिसेंबर १९९४ रोजी त्सुतोमू शिमोमुरा या संशोधकाच्या संगणकावर झालेल्या हल्ल्यात, विश्वासातील संगणकाच्या पत्त्याची बतावणी करून प्रवेश मिळविण्यात आला.

नियंत्रणाचे सर्वसामान्य साधन नेदर्लंड्समधील आइंडहोव्हन तंत्रविद्या विद्यापीठात तयार झाले. तेथील युनिक्स संगणकांत एक घुसखोर वारंवार शिरून फाइलींचा विध्वंस करीत असे. त्याचा माग काढण्यासाठी व्हीत्से व्हेनेमा यांनी १९९० मध्ये एक लहानशी आज्ञावली लिहिली. मूळ डीमन दुसऱ्या ठिकाणी हलवून त्याच्या जागी ही आज्ञावली ठेवण्यात आली. मागणी येताच ती मागणाऱ्याच्या यजमानाचे नाव टिपून ठेवी, नंतर मूळ डीमन चालू करी व स्वतः बाजूस होई. यामुळे डीमनच्या आज्ञावलीत कोणताही बदल करावा लागला नाही आणि नेहमीच्या वापरकर्त्यांस काही फरक जाणवला नाही. प्रारंभी केवळ नोंद ठेवणाऱ्या या साधनात पुढे मागणी नाकारण्याची सोय घालण्यात आली. सेवेभोवती घातलेल्या या वेष्टनामुळे त्यास टीसीपी रॅपर हे नाव मिळाले. व्हेनेमा यांनी त्याचे वर्णन १९९२ मध्ये अमेरिकेतील एका युनिक्स सुरक्षा परिसंवादात सादर केले. नंतर तोच तर्क लिबरॅप या नावाच्या सामायिक संग्रहात उपलब्ध झाल्याने, वेष्टनाविना चालणारे डीमनही तो वापरू लागले.

या साधनाचा इतिहास आणखी एका घटनेमुळे बोधप्रद ठरला. जानेवारी १९९९ मध्ये विद्यापीठाच्या वितरण-सर्व्हरवरील टीसीपी रॅपरची मूळ प्रत कोणी तरी बदलली. बदललेल्या प्रतीवरून उभारलेल्या संगणकाशी विशिष्ट पोर्टवरून जोडणी करणाऱ्यास रूटचे, म्हणजे सर्वोच्च, अधिकार मिळत. द्वारपालासच फितविण्याचा हा प्रकार होता. मूळ लेखकाची गूढलेखनात्मक स्वाक्षरी ताडून पाहणाऱ्यांस तो ओळखता येत होता. सुरक्षेचे साधनही खात्री करूनच बसवावे, हा दंडक यातून दृढ झाला.

भारतात संगणकांचे संशोधनविषयक जाळे १९८६ मध्ये अर्नेट या प्रकल्पाने सुरू झाले. त्यात मुंबईतील भारतीय तंत्रविद्या संस्था व राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रविद्या केंद्र या संस्थांचा प्रथमपासून सहभाग होता. या जाळ्यास १९९० मध्ये १४४.१६ या अंकांनी सुरू होणारा ६५,५३६ पत्त्यांचा गट मिळाला. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सर्वसामान्य ग्राहकांस इंटरनेट सेवा खुली केली. तोपर्यंत परिचित संस्थांपुरत्या मर्यादित असलेल्या जाळ्यात अपरिचितांचा प्रवेश झाला आणि यजमानाने स्वतःचे रक्षण करण्याची निकड येथेही उत्पन्न झाली.

नियमांच्या फाइली : टीसीपी रॅपरचे नियम ‘ईटीसी’ या निर्देशिकेतील दोन फाइलींत असतात. त्यांची नावे होस्ट्स.अलाउ व होस्ट्स.डिनाय अशी आहेत. प्रत्येक ओळीत डावीकडे डीमनचे नाव, मध्ये विसर्गासारखे अपूर्णविरामाचे चिन्ह व उजवीकडे यजमानांची यादी असते. प्रत्यक्ष फाइलीत हा मजकूर रोमन लिपीत लिहावा लागतो. येथे आकलनासाठी तो देवनागरीत दिला आहे. मागणी आल्यावर पुढील क्रमाने निर्णय होतो :

(१) परवानगीच्या फाइलीत जुळणारी ओळ सापडल्यास सेवा दिली जाते व शोध थांबतो.
(२) तेथे न सापडल्यास मनाईची फाइल पाहिली जाते. जुळणारी ओळ सापडल्यास सेवा नाकारली जाते.
(३) दोन्हींत काहीच न जुळल्यास सेवा दिली जाते.

यांतील तिसरी पायरी अननुभवी व्यवस्थापकास चकविते. फाइल अस्तित्वात नसणे व ती रिकामी असणे हे समान मानले जाते. म्हणून नुसती परवानगीची यादी लिहिल्याने कोणासही मनाई होत नाही. मनाईच्या फाइलीत ‘ऑल : ऑल’, म्हणजे सर्व सेवा सर्वांस बंद, ही एक ओळ लिहिल्यावरच परवानगीच्या यादीस अर्थ प्राप्त होतो.

यजमानांची यादी अनेक प्रकारे देता येते. टिंबाने संपणारे अंक हे पत्त्याचा आरंभ दर्शवितात. उदा., ‘१४४.१६.’ असे लिहिल्यास वर उल्लेखिलेल्या अर्नेटच्या गटातील सर्व पत्ते जुळतात. शेवटचे टिंब विसरल्यास मात्र त्यांतील एकही पत्ता जुळत नाही. याउलट टिंबाने सुरू होणारे नाव हे नावाचा शेवट दर्शविते. सर्वांसाठी ‘ऑल’, टिंबविरहित स्थानिक नावांसाठी ‘लोकल’ व अपवादासाठी ‘एक्सेप्ट’ हे राखीव शब्द आहेत. डावीकडे सेवेचे प्रचलित नाव न लिहिता डीमनच्या प्रक्रियेचे नाव लिहावे लागते. म्हणजे ‘एसएसएच’ नव्हे, तर ‘एसएसएचडी’. शेवटच्या ओळीनंतर नवी ओळ सुरू करण्याची कळ दाबलेली नसल्यास ती ओळ विचारात घेतली जात नाही. अशा चुका शोधण्यासाठी टीसीपीडीचेक व एखाद्या कल्पित मागणीवर काय निर्णय होईल हे सांगण्यासाठी टीसीपीडीमॅच ही साधने पुरविलेली असतात.

उदाहरण : सांगली जिल्ह्याच्या शिराळा तालुक्यात चांदोली येथे वारणा नदीवर धरण असून त्याची साठवणक्षमता ३४.४० अब्ज घनफूट आहे. वारणा पुढे सांगलीजवळ हरिपूर येथे कृष्णेस मिळते. पावसाळ्यात या धरणातून किती पाणी सोडावे, याचा परिणाम खालच्या बाजूच्या गावांवर होतो. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाण्याची धोक्याची पातळी ४५ फूट मानली जाते. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात ती ५७ फुटांच्या वर गेली होती. कृष्णा व भीमा खोऱ्यांतील पर्जन्य व जलपातळी यांची मापने दूरमापनाने तत्काळ गोळा करण्याची व्यवस्था राज्याच्या जलसंपदा विभागाने जागतिक बँकेच्या साहाय्याने चाललेल्या जलविज्ञान प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात हाती घेतली. अशा मापनांचा स्वीकार करणाऱ्या एका कल्पित सर्व्हरचे उदाहरण पुढे घेतले आहे. त्यातील पत्ते व रचना केवळ स्पष्टीकरणासाठी असून कोणत्याही प्रत्यक्ष यंत्रणेच्या नाहीत.

या सर्व्हरवर तीन सेवा आहेत असे समजू. पहिली मापने स्वीकारते. तिची गरज मापन केंद्रांसच असून त्यांचे पत्ते १०.२०.८ ने सुरू होतात. दुसरी माहितीसंचाची सेवा आहे. ती पूरनियंत्रण कक्षातील संगणकांस हवी असून त्यांचे पत्ते १०.२०.५ ने सुरू होतात. तिसरी एसएसएच सेवा असून ती व्यवस्थापकाच्या दोनच संगणकांस हवी आहे. केंद्रास मापन पाठविण्याचा अधिकार आहे, पण सर्व्हरवर प्रवेश करण्याचा नाही. कक्षास माहिती वाचण्याचा अधिकार आहे, पण मापन घालण्याचा नाही. अशी सेवानिहाय विभागणी केल्यास, रानातील एखाद्या केंद्राची पेटी फोडून तिच्या जोडणीचा दुरुपयोग करणाऱ्यास फार तर त्या एका केंद्राची मापने बिघडविता येतील. सर्व्हर ताब्यात घेता येणार नाही. ‘१०.२० ने सुरू होणारे सर्व आपलेच’ असा एकच व्यापक नियम लिहिण्यास सोपा असला, तरी त्यात ही मर्यादा नाहीशी होते.

याच उदाहरणातून टीसीपी रॅपरची एक त्रुटीही दिसून येते. हे नियम केवळ त्यांची विचारपूस करणाऱ्या डीमनवरच लागू होतात. पोस्टग्रेएसक्यूएल यासारखा माहितीसंच त्या फाइली वाचत नाही. त्यामुळे ‘सर्व सेवा सर्वांस बंद’ असे लिहूनही माहितीसंच उघडाच राहतो. शिवाय हा निर्णय जोडणी जुळून आल्यानंतर होत असल्याने, प्रणालीच्या गाभ्यावर पडणारा मागण्यांचा भार त्यामुळे कमी होत नाही.

गाभ्यातील गाळणी : वरील त्रुटी पुडक्यांच्या गाळणीने दूर होतात. परिचालन प्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नेल, येणारे प्रत्येक पुडके डीमनकडे देण्यापूर्वीच नियमांशी ताडून पाहतो. त्यामुळे सर्व सेवांस, त्यांच्या सहकार्याविनाच, नियंत्रण लागू होते. लिनक्सच्या २.४ या आवृत्तीत (२००१) नेटफिल्टर ही यंत्रणा व तिचे आयपीटेबल्स हे साधन आले. ३.१३ या आवृत्तीपासून (२०१४) एनएफटेबल्स हे साधन उपलब्ध झाले. ओपनबीएसडीमध्ये २००१ पासून पीएफ ही गाळणी आहे. ही गाळणी आधीच्या पुडक्यांची स्मृती ठेवते. त्यामुळे मान्य झालेल्या जोडणीतील पुढील पुडक्यांसाठी वेगळे नियम लिहावे लागत नाहीत.

वरील उदाहरणातील सर्व्हरसाठी नियम साधारणतः पुढील क्रमाने लिहिता येतील : मान्य झालेल्या जोडण्यांची पुडकी स्वीकारावीत, सर्व्हरचे स्वतःशीच चालणारे दळणवळण स्वीकारावे, जाळ्याच्या नियंत्रणासाठी आवश्यक आयसीएमपी संदेश स्वीकारावेत, मग प्रत्येक सेवेच्या पोर्टवर तिच्या हक्काच्या पत्त्यांकडून येणारी मागणी स्वीकारावी, उरलेल्यांची मर्यादित प्रमाणात नोंद करावी, आणि शेवटी सर्व काही टाकून द्यावे. पहिला नियम विसरल्यास सर्व्हरने स्वतः केलेल्या मागण्यांची उत्तरेही अडतात. आयसीएमपी संदेश सरसकट अडविल्यास मोठी पुडकी मध्येच हरवून जोडण्या गूढ रीतीने लटकतात. आयपीच्या सहाव्या आवृत्तीत तर शेजारच्या संगणकाचा शोधच या संदेशांनी होतो.

या गाळणीच्या वापरात चार ठिकाणी विशेष दक्षता घ्यावी लागते. पहिली, नियमांचा क्रम : दूरवरून काम करणाऱ्या व्यवस्थापकाने सर्वांस मनाई हा नियम स्वतःच्या परवानगीपूर्वी लागू केल्यास तो स्वतःच बाहेर राहतो. मुसळधार पावसात घाटमाथ्यावरील सर्व्हरपर्यंत माणूस पाठविण्याची वेळ यावयाची नसेल, तर ठराविक मिनिटांत पुष्टी न मिळाल्यास जुने नियम आपोआप परत येतील अशी योजना आधी करावी. दुसरी, स्थायित्व : आज्ञेने दिलेले नियम गाभ्याच्या स्मृतीत असतात व वीज जाऊन संगणक पुन्हा सुरू झाल्यास नष्ट होतात, ते फाइलीत जतन करून प्रारंभी लागू होतील असे करावे लागते. तिसरी, आयपीच्या दोन आवृत्त्या : नियम चौथ्या आवृत्तीपुरते लिहिले व डीमन सहाव्या आवृत्तीवरही ऐकत असेल, तर पुढचे दार बंद करून मागचे उघडे ठेवल्यासारखे होते. चौथी, कंटेनरमध्ये चालणाऱ्या सेवा : डॉकरसारखी साधने पुडक्यांचा मार्ग स्वतः वळवितात, त्यामुळे सर्व्हरकडे येणाऱ्या पुडक्यांसाठी लिहिलेले नियम अशा सेवांवर लागू न होण्याचा संभव असतो.

सेवांची अंगभूत नियंत्रणे : पुष्कळ डीमन स्वतःचे नियमही बाळगतात. एसएसएच डीमनच्या मांडणीत कोणत्या वापरकर्त्याने कोणत्या पत्त्यावरून यावे हे सांगता येते. गाळणीस वापरकर्ता कळत नसल्याने हे काम ती करू शकत नाही. पोस्टग्रेएसक्यूएलच्या एका फाइलीत माहितीसंच, वापरकर्ता, पत्ता व अभिज्ञानाची रीत यांच्या ओळी असतात व पहिली जुळणारी ओळ निर्णायक ठरते. अपाची वेब सर्व्हर व फाइलींच्या सामायिक वापरासाठीची एनएफएस सेवा यांतही अशी सोय आहे. सर्वांत साधा उपाय म्हणजे, जी सेवा सर्व्हरच्या बाहेर कोणासही नको तिने केवळ स्वतःच्या अंतर्गत पत्त्यावरच ऐकावे, असे ठरविणे. जी सेवा ऐकतच नाही, तिच्यासाठी नियमाची गरज राहत नाही.

या थरांपैकी एकावरच विसंबू नये. गाळणी सर्व सेवांस व्यापते, पण तिला व्यक्ती कळत नाही. अंगभूत नियंत्रणास व्यक्ती कळते, पण ते एकाच सेवेपुरते असते. एका थरातील चूक दुसऱ्या थराने सावरली जावी, हा यामागील हेतू होय.

मर्यादा : पत्ता ही ओळख नव्हे, हे या पद्धतीचे मूळ बंधन आहे. टीसीपी जोडणीत दोन्ही बाजूंची देवघेव होत असल्याने पत्त्याची बतावणी आज पूर्वीइतकी सोपी राहिली नसली, तरी यूडीपी या संदेशनियमात ती सहज करता येते. नियमात पत्त्याऐवजी नाव लिहिल्यास, नावे व पत्ते यांची सांगड घालणाऱ्या डीएनएस यंत्रणेवर विश्वास ठेवावा लागतो. पत्त्यावरून नाव सांगण्याचा अधिकार त्या पत्त्याच्या धारकाकडे असल्याने तो हवे ते नाव सांगू शकतो. म्हणून टीसीपी रॅपर नावावरून पुन्हा पत्ता काढून दोन्ही जुळतात का हे पाहतो. तथापि शक्यतो अंकांतील पत्तेच लिहावेत.

मोबाइल जाळ्यात तर एकाच बाह्य पत्त्यामागे असंख्य ग्राहक असतात व तो पत्ताही बदलत राहतो. डोंगराळ भागातील मापन केंद्र मोबाइलच्या सिमकार्डावरून माहिती पाठवीत असल्यास त्याचा पत्ता नियमात लिहिणे निरर्थक ठरते. आणि त्या कंपनीच्या सर्व पत्त्यांस परवानगी देणे म्हणजे तिच्या सर्व ग्राहकांस परवानगी देणे होय. अशा वेळी केंद्र व सर्व्हर यांच्यामध्ये गूढलेखनाने सुरक्षित केलेली खाजगी वाहिनी योजतात. तीत प्रत्येक केंद्रास त्याच्या किल्लीशी निगडित असा स्थिर पत्ता मिळतो आणि मग पत्त्यावर आधारलेल्या नियमांस खरा अर्थ येतो.

परवानगी असलेला संगणकच शत्रूच्या हाती गेल्यास ही पद्धत निष्प्रभ होते. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर झालेल्या हल्ल्यात ९४.४२ कोटी रुपये लुबाडले गेले. रोकडयंत्रांवरील व्यवहारांस मंजुरी देणाऱ्या मूळ यंत्रणेस वगळून, हल्लेखोरांनी उभारलेल्या प्रतियंत्रणेने खोटी मंजुरी दिली व २८ देशांतून रकमा काढल्या गेल्या. जाळ्याच्या आत शिरलेल्या हल्लेखोरासमोर केवळ वेशीवरील तटबंदी पुरत नाही. आतील संगणकांनीही परस्परांकडे संशयाने पाहणे, कोणी कोणाशी बोलावे हे प्रत्येक यजमानावर मर्यादित करणे व आलेल्या संदेशाची सत्यता स्वतंत्रपणे ताडणे हे सर्व आवश्यक असते, हा या प्रकरणाचा सर्वसाधारण बोध होय.

निर्जीव नियमांचा धोका : नियम लिहिलेला असणे व तो पाळला जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ओपनएसएसएचने ६.७ या आवृत्तीत (२०१४) टीसीपी रॅपरचा आधार काढून टाकला. काही वितरकांनी मात्र स्वतःची जोड घालून तो टिकविला. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्सच्या आठव्या आवृत्तीतून (२०१९) टीसीपी रॅपर पूर्णपणे वगळण्यात आला. त्यामुळे जुना सर्व्हर नव्या आवृत्तीवर नेल्यावर दोन्ही फाइली जागच्या जागी राहतात, त्यांतील मजकूर वाचताना सर्व काही बंद आहे असे दिसते. पण त्या वाचणारे कोणी उरलेले नसते. कोणतीही त्रुटिसूचना मिळत नाही, सेवा सुरळीत चालू राहते आणि ती सर्वांस खुली झालेली असते. सदोष नियमाने निदान हक्काच्या माणसाची अडवणूक होऊन दोष उघडकीस येतो. निर्जीव नियमाची मात्र कोणीच तक्रार करीत नाही.

म्हणून एखादा डीमन लिबरॅपशी जोडलेला आहे की नाही, हे तो कोणते सामायिक संग्रह वापरतो याची यादी काढून पाहावे. नसल्यास ते नियम गाळणीत किंवा सेवेच्या अंगभूत मांडणीत उतरवून घ्यावेत व जुन्या फाइलींत तशी सूचना लिहून ठेवावी, म्हणजे पुढील व्यवस्थापकाची दिशाभूल होत नाही.

पडताळणी व नोंदी : नियंत्रणाची खरी कसोटी फाइल वाचून नव्हे, तर बाहेरून दार ठोठावून होते. प्रथम सर्व्हरवर कोणते डीमन कोणत्या पत्त्यावर व पोर्टवर ऐकत आहेत याची यादी ‘एसएस’ या आज्ञेने काढावी. त्यांपैकी अनावश्यक बंद करावेत. मग परवानगी असलेल्या एका व परवानगी नसलेल्या एका संगणकावरून, आयपीच्या दोन्ही आवृत्त्यांनी, प्रत्येक सेवेची मागणी करून पाहावी. परवानगी असलेल्यास सेवा मिळाली एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही. परवानगी नसलेल्यास ती नाकारली गेली, हाच पुरावा होय. प्रणालीची आवृत्ती बदलल्यावर, वीज जाऊन सर्व्हर पुन्हा सुरू झाल्यावर व नवी सेवा घातल्यावर ही चाचणी पुन्हा करावी लागते. प्रत्येक नियमापुढे तो कोणासाठी व केव्हा घातला हे लिहून ठेवल्यास, बदलीवर आलेल्या व्यवस्थापकास कालबाह्य नियम निःशंकपणे काढता येतात.

नाकारलेल्या मागण्यांच्या नोंदी हल्ल्याची पूर्वसूचना देतात, तर मान्य केलेल्यांच्या नोंदी घटनेनंतरच्या तपासास उपयोगी पडतात. या नोंदी त्याच सर्व्हरवर ठेवल्यास घुसखोर त्या पुसू शकतो. म्हणून त्यांची प्रत वेगळ्या यजमानावर पाठवितात. भारतात संगणकीय आणीबाणीस प्रतिसाद देणाऱ्या सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार सेवादाते, कंपन्या व शासकीय संस्था यांनी आपल्या संगणक यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस जतन करणे, घड्याळे प्रमाणवेळेशी जुळती ठेवणे व विहित प्रकारच्या घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळविणे बंधनकारक आहे. अनधिकृत प्रवेश हा माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० अन्वये दंडनीय आहे. तथापि कायद्याचा उपाय घटनेनंतर लागू होतो; तिच्यापूर्वीचा उपाय म्हणजे कोणाशी बोलावयाचे हे प्रत्येक यजमानाने आधी ठरविणे, आणि तो ठराव खरोखर पाळला जात आहे याची व्यवस्थापकाने वेळोवेळी प्रचीती घेणे.